दोन मार्कांचा बॅरिस्टर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून लातूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण तो पास होण्यापुरता. त्यामुळे या पानांवर लिहायला बसले तेव्हा हॉस्टेलच्या माझ्या रूममेटने ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात महिनाभर तिची बादली मी भरून ठेवायची असं ठरलं. तेव्हा चुका राहिल्या असतील तर अर्ध्या तिच्या समजाव्यात!

लेख आहे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकरांवर. सिव्हिलवाल्यांना हे नाव कुठे भेटतं ते ठाऊक आहे. ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात जयकर कमिटी, १९२७, शिफारशी चार, मार्क दोन. मीही तेवढंच पाठ केलं होतं. व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी शिफारशी विचारल्या, मी धडाधड सांगितल्या. मग त्यांनी सहज विचारलं की हे जयकर कोण होते. मी आत्मविश्वासाने सांगून टाकलं की चीफ इंजिनिअर! सर हसले, बाजूला बसलेले आमचे सरही हसले, आणि मी लाल होऊन बाहेर आले.

त्याच आठवड्यात गावाकडून काकांचा फोन आला. आमचं गाव मुखेड तालुक्यात, पक्क्या सडकेपासून चार किलोमीटर आत. मधली वाट काळ्या रानातून जाते. काका ग्रामपंचायतीत आहेत आणि रस्त्यासाठी पैसे येणार होते, पण सगळ्या वाटेला सिमेंट करण्याइतके नव्हते. गावात दोन तट पडले. एक म्हणे थोडाच करा पण सिमेंटचा करा, दुसरा म्हणे सडकेपर्यंत पोचेल असा डांबरी करा. आता पुतणी इंजिनिअर होतेय म्हटल्यावर काकांनी तिलाच विचारलं. मी उत्तर दिलं की सिमेंटचा मजबूत असतो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सांगायला तीन वर्षांची फी कशाला भरायची?

व्हायव्हाच्या रागाने मी लायब्ररीत जयकरांना शोधायला गेले आणि काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच सापडलं.

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा, मुंबईचा, पाठारे प्रभू समाजातल्या घरातला. मुंबईत कायद्याची पदवी घेतली, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १९०५ पासून मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. वेदान्ताचा अभ्यास दांडगा. बॉम्बे क्रॉनिकल या वर्तमानपत्राच्या संचालकांत ते होते, आणि तिथे त्यांच्याबरोबर बॅरिस्टर जिनाही होते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली. १९२० साली तिच्या अहवालावर गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्या शेजारी जयकरांची सही आहे. म्हणजे माणूस काही लहान नव्हता. १९२३ साली स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबई कायदेमंडळात गेले आणि तिथे विरोधी पक्षाचं नेतृत्व केलं. पुढे मात्र सगळ्याच गोष्टीत सरकारला अडवायचं हे धोरण त्यांना पटेना. न. चिं. केळकर, डॉ. मुंजे यांच्याबरोबर ते प्रतियोगी सहकारितेच्या बाजूला गेले. सोप्या भाषेत, जिथे काम होण्यासारखं असेल तिथे करून घ्यायचं, नसेल तिथे विरोध करायचा. १९२६ साली ते दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात निवडून आले. आणि १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे रस्ते आले.

आता तेव्हाच्या रस्त्यांची दशा बघा. रस्ता म्हणजे पाण्याने दाबून बसवलेली खडी आणि फटीत मुरूम-माती. बैलगाडीला लोखंडी धाव असायची. ती खडीचा चुरा करायची, पण तो चुरा पावसाच्या पाण्याने पुन्हा फटीत बसायचा आणि रस्ता कसाबसा तग धरायचा. मग आली मोटार. तिचं रबरी चाक वेगाने जाताना खडीमधली बारीक माती ओढून हवेत उडवायचं. धूळ गेली की खडी मोकळी, आणि मोकळ्या खडीवर पुन्हा बैलगाडीची लोखंडी धाव! दोन वेगळ्या जमान्यांची चाकं एकाच रस्त्यावर आली आणि रस्ता दोघांच्या मध्ये मेला. त्यावर डांबर किंवा सिमेंट हे इलाज जगाला तोपर्यंत कळले होते. पण पैसे कोणी घालायचे? १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता आणि बरेचसे रस्ते लोकल बोर्डांच्या गळ्यात होते. बोर्डाची तिजोरी ती केवढी! मोटार प्रांत ओलांडून जायची, रस्त्याचा पैसा मात्र हद्दीवरच थांबायचा.

या प्रश्नावर सरकारने दोन्ही सभागृहांतल्या सभासदांची समिती नेमली आणि अध्यक्ष केलं एका बॅरिस्टरला. आधी मला हे गमतीचं वाटलं. विचार केल्यावर कळलं की प्रश्न खडीचा नव्हताच, प्रश्न होता बिल कोणाच्या नावावर फाडायचं याचा. आणि तो वकिलाचाच प्रांत आहे.

१९२८ साली समितीचा अहवाल आला. रस्त्यांचा विकास आता प्रांत आणि लोकल बोर्डांच्या ताकदीबाहेर गेला आहे, तो साऱ्या देशाचा प्रश्न आहे, तेव्हा केंद्राच्या तिजोरीतून पैसा द्यावा. पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर लावावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. रस्त्यांच्या तांत्रिक गोष्टींवर विचार करायला निमसरकारी संस्था असावी. संशोधनाची संस्था असावी. झाल्या की नाही चार? दोन मार्क!

पण पुढची साल बघा. १ मार्च १९२९ ला सेंट्रल रोड फंड सुरू झाला. १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९५२ साली दिल्लीला केंद्रीय रस्ते संशोधन संस्था उभी राहिली. सरकारी समितीचे अहवाल कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे, आणि इथे चारही गोष्टी झाल्या, जरी शेवटचीला चोवीस वर्षं लागली. फंडाला पुढे २००० साली नवा कायदा मिळाला, पेट्रोल-डिझेलवरच्या सेसमधून त्यात भर पडत राहिली, आणि त्याच पैशातून प्रधानमंत्री ग्रामसडक योजना चालली. म्हणजे काका ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकतात तेव्हा जयकरांच्या हिशेबात पैसे भरत असतात. मी त्यांना हे सांगितलं तर त्यांना पटेना. डिझेल महाग करणाऱ्याचं नाव कळलं एवढंच ते म्हणाले.

समितीच्या वेळी आपला नांदेड-लातूरचा मुलूख मात्र निजामाच्या राज्यात होता. आपण हिंदुस्थान सरकारच्या कारभारात आलो ते १७ सप्टेंबर १९४८ नंतर.

आता काकांचा प्रश्न. आम्ही डिझाइनला जे पुस्तक उघडतो ते आयआरसी:५८. त्याच्या कव्हरवर इंडियन रोड्स काँग्रेस असं छापलेलं असतं. जयकरांनी सुचवलेली तीच ही संस्था. सिमेंट रस्त्याची जाडी कशी काढायची ते या कोडमध्ये आहे. यामागचं मूळ गणित डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या प्राध्यापक वेस्टरगार्ड यांनी १९२६ साली छापलं, म्हणजे जयकर समितीच्या आदल्याच वर्षी. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. वेस्टरगार्डने स्लॅब एका स्प्रिंगच्या गादीवर ठेवला आहे असं धरलं आणि चाक मध्यावर, कडेवर, कोपऱ्यावर असताना ताण किती येतो ते मांडलं. आज कोडची गणितं त्याच्या बरीच पुढे गेली आहेत, पण व्हायव्हाला अजून मध्य, कड, कोपरा हेच विचारतात.

डांबरी रस्ता चाकाचं वजन थराथराने खाली पसरवतो. खालची माती जितकी कमकुवत तितके वरचे थर जाड. आपली काळी माती तर भिजली की लोणीच. सिमेंटचा स्लॅब स्वतः ताठ असतो, वजन दूरवर पसरवतो, आणि मातीची ताकद थोडी कमी-जास्त झाली तर जाडीत फारसा फरक पडत नाही. इथपर्यंत वाचून मी खूष झाले होते. मजबूत म्हणाले ते बरोबरच की! मग सरांनी दाखवलं की काळी माती नुसती कमकुवत नाही, ती हलते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की लहानपणी आमच्या गोट्या त्यात जाऊन परत मिळायच्या नाहीत. कमकुवत माती काँक्रीटला चालते, हलणारी माती चालत नाही. स्लॅबच्या एका कडेखाली माती फुगली, दुसरीकडे आक्रसली की तो मधे अधांतरी राहतो, आणि वरून उसाची ट्रॉली आली की मोडतो. म्हणून आधी काळी माती काढून चांगला मुरूम भरायचा, किंवा तिच्यात चुना मिसळून ती शांत करायची, कडेने पाणी वाहून न्यायचं आणि मग सिमेंटचा विचार करायचा.

दुसरा शत्रू ऊन. दुपारी स्लॅबचा वरचा भाग तापून पसरतो, खालचा गारच असतो, त्यामुळे स्लॅबचा मध्य वर यायला बघतो. रात्री उलटं होतं, वर गार, खाली ऊब, आणि कडा वाळत्या पापडासारख्या वर उचलायला लागतात. स्लॅबचं स्वतःचं वजन त्याला असं वळू देत नाही, आणि या ओढाताणीतून ताण तयार होतो. महाराष्ट्राच्या अंतर्भागासाठी कोडने २५ सेंटीमीटर जाडीला वर-खालचा फरक २०.३ अंश धरला आहे. म्हणून दिवसा खालून फुटणारी भेग आणि पहाटे वरून फुटणारी भेग अशा दोन्ही तपासायच्या. भेग जाणारच असेल तर आपण म्हणू तिथे जावी, यासाठी साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे कापतात. काँक्रीट ओतल्यापासून काही तासांतच, रात्र असली तरी, कटर फिरवावाच लागतो. उशीर झाला की काँक्रीट स्वतःच आपली जागा निवडतं. मोठ्या हायवेला सांध्यात गुळगुळीत सळया टाकतात, त्याला डॉवेल म्हणतात. त्यामुळे चाक एका स्लॅबवरून दुसऱ्यावर जाताना दोन्ही मिळून वजन घेतात. याशिवाय सलग सळईचा, सांधे नसलेला प्रकार आहे, जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर देण्याचा व्हाइट टॉपिंग प्रकार आहे. गावाला ते परवडत नाहीत, म्हणून पुढे जाते.

आमच्या गावातली एक गल्ली आधीच सिमेंटची झाली होती. मेच्या भर दुपारी ओतली, खाली काळी माती तशीच, सांधे कापलेच नाहीत, आणि पाणी मारायला बारदाना टाकला तो दुसऱ्याच दिवशी वाळून कडक. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गल्लीच्या मधोमध नागमोडी भेग. गावाने निष्कर्ष काढला की सिमेंट वाईट. उलट बाजूचं उदाहरण पुण्याचं. तिथला जंगली महाराज रोड १९७६ साली डांबराचा झाला, कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी लिहून दिली आणि तो त्यानंतरही कित्येक वर्षं खड्ड्यांवाचून टिकला. मला वाटतं, सिमेंट की डांबर या भांडणात आपण निम्म्या वेळा कामाच्या चोरीचं बिल मटेरियलच्या नावावर फाडतो.

राहिला पैसा. सिमेंट रस्त्याला एकदम मोठी रक्कम लागते, पण तो ३० वर्षं धरून डिझाइन होतो आणि मधे खर्च कमी. डांबरीला सुरुवात स्वस्त, पण दर काही वर्षांनी नवा थर हवा. तो थर टाकायला पैसे येतील याची खात्री असेल तर डांबर काही वाईट नाही. आमच्या गावाला ती खात्री कोण देणार? जयकरांनी १९२८ साली ओळखलं होतं ते हेच. रस्ता बांधायला एकदाचे पैसे कुठूनही जमतात, सांभाळायला दरवर्षी येणारा आणि दुसरीकडे न वळणारा पैसा लागतो.

जयकरांचं पुढचं आयुष्य मात्र रस्त्यांवर नाही, माणसांच्या मधल्या वाटांवर गेलं. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात गांधीजी येरवड्याला आणि नेहरू पितापुत्र अलाहाबादजवळच्या नैनीला कैदेत होते. तेव्हा सर तेजबहादूर सप्रू आणि जयकर या दोन तुरुंगांमध्ये निरोप घेऊन फिरले. शेवटी नेहरूंनाच खास रेल्वेने येरवड्याला नेलं. ती बोलणी फिसकटली, पण १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला त्यामागे या दोघांची धडपड होती. ते गोलमेज परिषदेला गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि त्यानंतर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले. मध्यस्थाचं काम असं असतं की जमलं तर श्रेय दोन्ही बाजूंचं, फिसकटलं तर मध्यस्थाचं! १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी आलेले नाहीत, ते येईपर्यंत थांबावं अशी दुरुस्ती जयकरांनी मांडली. सभागृहात तिला जोरदार विरोध झाला, पुढे त्यांनी ती मागे घेतली आणि १९४७ साली सभासदत्वही सोडलं. फाळणीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली होती. मुंबईतून जयकरांची जी जागा रिकामी झाली तिच्यावर १९४७ च्या जुलैमध्ये बाबासाहेब परत निवडून आले. हे आमच्या इतिहासाच्या पुस्तकात होतं की नव्हतं मला आठवत नाही. असलं तरी मी मार्कांपुरतंच वाचलं असणार.

वयाच्या पंचाहत्तरीत ते नव्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि १९५६ पर्यंत राहिले. गव्हर्नरसाहेबांच्या गणेशखिंडच्या बंगल्यात विद्यापीठ बसवायचं, कॉलेजं जोडून घ्यायची, सगळं पहिल्यापासून. तिथलं ग्रंथालय आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. इंग्रजीत दोन खंडांचं आत्मचरित्र लिहिलं. १० मार्च १९५९ ला मुंबईत ते गेले.

मला कॉन्व्हेंटला का घातलं ते इथे सांगते. पुढची शाळा सडकेवरच्या गावात होती आणि पावसाळ्यात आमची वाट बंद व्हायची. लातूरला मावशी होती म्हणून मला तिच्याकडे ठेवलं. माझी चुलतबहीण, काकांची मोठी मुलगी, गावातच राहिली. अभ्यासात ती माझ्यापेक्षा हुशार. सातवीपर्यंत गावात शिकली, आठवीला चार किलोमीटर चालत जायला लागली. जुलैमध्ये चप्पल चिखलात रुतायची म्हणून हातात घेऊन जायची, दप्तर डोक्यावर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ओढ्याला पाणी आलं, पंधरा दिवस जाता आलं नाही, आणि मग ती गेलीच नाही. कोणी बंद कर म्हटलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी काकांसमोर बसून वहीत सगळं मांडलं. गावाच्या आत, जिथे घरांचं सांडपाणी रस्त्यावर येतं, तिथे सिमेंट. पाणी साचलं की डांबर सुटतं, म्हणून ग्रामसडक योजनेतही वस्तीच्या आत सिमेंटच करतात. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचा पाण्याखाली जाणारा तुकडाही सिमेंटचा. बाकी रानातली वाट काळी माती काढून, मुरूम भरून, मधे उंच आणि कडेला नाली ठेवून डांबरी, पण सडकेपर्यंत पूर्ण. काकांना अर्धं पटलं. नालीसाठी बांधाकडेची जागा कोण सोडणार, यावर ते बराच वेळ गप्प बसले, कारण पहिला बांध त्यांचाच आहे.

बहीण माहेरी आलेली होती. चहा घेऊन आली आणि वही उलटी धरून वाचायला लागली. आडवे सांधे कशाला कापायचे ते तिने विचारलं. मी वेस्टरगार्डपासून सुरू केलं. तिने मधेच थांबवून सांगितलं की कळलं, थापलेल्या वड्या ओल्या असतानाच सुरीने कापतो तसंच ना, वाळल्यावर कापल्या तर कशाही तुटतात. सेमिनारच्या रिपोर्टमध्ये मी हे उदाहरण घातलं आहे. रिपोर्ट डिपार्टमेंट लायब्ररीत ठेवला आहे, जाडीचं पूर्ण गणित त्यात आहे. कोणाच्या गावाला उपयोग होणार असेल तर झेरॉक्स काढून घ्या, फक्त पान नंबर सोळावरचा आकडा पेनने दुरुस्त केलेला आहे, तोच धरा.